बॉनेटचे तीन पट्टे

मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडवर माझं दुकान.
उत्तरेचा वारा सुटला की पहिली खबर
काळ्या गाड्यांना लागते.
राख इतकी बारीक की बोटाला दिसत नाही,
नुसती चमक कुठंतरी उठून जाते,
जेवता जेवता पाहुणा उठावा तशी.

लांजेवार साहेब वीज कंपनीतून रिटायर झाले
आणि काळी सेडान घेऊन आले.
"मेण लावायचंय. पण आधी सिद्ध करून दाखवा."
इंजिनियर माणूस. हातात चौकटींची वही.
दिसणं, टिकणं, किंमत.

मी कागदी टेपनं बॉनेटचे तीन पट्टे पाडले.

डावीकडे ब्राझीलचं. डबी एवढीशी, बेचाळीसशे रुपये,
वास खोबऱ्याच्या वडीचा.
तिकडचा एक ताड म्हणे
पानं वाळू नयेत म्हणून
स्वतःच्याच अंगावर हे मेण धरतो,
आणि माणसं पानं झोडपून ते काढून घेतात.
हे कळल्यापासून मी ती डबी जरा हळू उघडतो.

मध्ये कारखान्यातलं. पातळ, दुधासारखं,
साडेअठराशे, वासाचं नाव काढू नये.

उजवीकडे गांधीबागेतली पिवळी डबी, तीनशे चाळीस.
झाकणावर एक नाव, बुडाला दुसरंच.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा
डावा पट्टा विहिरीसारखा दिसला,
वाकून पाहावं, हाक मारावी.
मधला आरसा. लख्ख, पण आरशाला तळ नसतो.
उजवा हळदीतल्या नवरदेवासारखा,
दोन दिवस तर कुणीही चमकतं.

साहेबांनी मार्चपासून दर रविवारी पाणी शिंपडलं,
नातवाच्या पट्टीनं थेंबांची रुंदी मोजली.
उजवा पट्टा तिसऱ्या रविवारी गेला.
डावा एप्रिलभर लढला.
मग नवतपा आला, पारा सेहेचाळीसवर,
पत्र्यावर तळहात टेकवायची सोय नाही,
आणि विहीर आटली.
मधला उभा होता.
"चार महिने," मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

जूनच्या मध्यावरच वही मिटून आले.
मधल्या पट्ट्यावर पाणी सपाट पसरलं,
फरशीवर सांडल्यासारखं.
मी वाकून पाहिलं, चाचपलं, घाम पुसला.
एवढ्यात वायपरच्या बुडाशी,
जिथं फडकं पोचत नाही त्या सांदीत,
एक थेंब दिसला. गोल. ताठ.

"गाडी धुतं कोण?"

मागं शेषराव उभा होता.
एकोणीस वर्षं साहेबांची जीप चालवली त्यानं,
रिटायरमेंट दोघांची एकाच महिन्यात,
तरी सकाळी सातला फाटकाशी हजर.
"मीच धुतो ना भाऊ. रोज. भांड्याच्या साबणानं,
घासून घासून.
साहेबाच्या गाडीवर राख बसून राहिली
तं लोक काय म्हणतील?"

कोणी काही बोललं नाही.
पलीकडं पोराचा प्रेशर पंप चालू होता, तो तेवढा बोलत होता.
साहेबांनी वही उघडली, चौकटींवरून पेन फिरवलं,
हे कुठं लिहायचं ते सापडेना,
पुन्हा खिशात ठेवली.

"मधलंच घ्या," मी म्हणालो. "हिशोबात तेच बसतं."
"हो," म्हणाले,
आणि ब्राझीलची डबी उचलली.
"शेषराव, साबण बंद. दर महिन्याला हे लावायचं,
गोल गोल, हलक्या हातानं."
शेषरावनं झाकण उघडून वास घेतला.
"खाचं हाये का साहेब?"

मी बिलाच्या पाठीमागं आकडा मांडला:
एका डबीत वीस हात,
एका हाताला दोनशे दहा,
महिना गेला तर रोजचे सात रुपये.
कोपऱ्यावरचा चहा दहाचा झालाय.

ते गेले तेव्हा उत्तरेचा वारा होता.
मी वायपरच्या सांदीतला तो थेंब
पुसायचा राहिलो.